मका ओतण्याआधी

"मला लिहायला शिकवणारा अजून जन्माला यायचाय!"

हे वाक्य थर्मन व्हॉसने उकडलेल्या बटाट्यावर लोणी थापता थापता असं काही ठणकावून टाकलं, की टेबलाखालचं कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

त्याची बायको डोरीन मात्र जागची हलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशा वाक्यांनी बायका हलत नसतात.

"अरे, पण ब्रेनाने सांगितलंय ना जायला? मग जा की मुकाट्याने. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन दिवस! तीनशे लोक एका खोलीत बसून स्वल्पविरामावर भाषणं ऐकणार! डोरीन, एखाद्या गोष्टीला एकटा माणूस कंटाळला तर तो झोपतो. तिघे मिळून कंटाळले की मंडळ स्थापन होतं. आणि तीनशे मिळून कंटाळले की त्याला परिषद म्हणतात!"

"बरं. बटाटा खा, गार होतोय."

थर्मन आमच्या आयोवातल्या एल्क क्रॉसिंग गावचा एकमेव तंत्रलेखक. तंत्रलेखक म्हणजे कोण, हे गावात अजून कुणाला धड माहीत नाही. त्याच्या सख्ख्या सासूलाही तो टेलिफोन दुरुस्त करतो असंच वाटे, आणि ती दर नाताळला आपला फोन त्याच्यापुढे आणून ठेवी. तर, आपण नवं यंत्र घरी आणतो, खोकं उघडतो, त्यात सगळ्यात वर एक पुस्तिका असते. ती आपण बाजूला टाकतो, यंत्र बिघडवतो आणि मग ती पुस्तिका घरभर शोधतो. ती पुस्तिका लिहिणारा माणूस म्हणजे तंत्रलेखक. गावात मक्याच्या लाह्यांची यंत्रं बनवणारा 'प्रेअरी गोल्ड' नावाचा कारखाना आहे. जत्रा, सिनेमागृहं, शाळांचे सामने, सगळीकडे त्यांची लाल-सोनेरी यंत्रं. त्या सगळ्या यंत्रांच्या पुस्तिका एकट्या थर्मनच्या हातच्या.

आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं. कारखान्याची मालकीण ब्रेना स्वेनसन. वडिलांच्या मागे तिने कारभार हाती घेतला होता. लहानपणी ती मक्याच्या पोत्यांवर झोपून जायची, तेव्हा तिला उचलून घरी नेऊन सोडणाऱ्यांत थर्मनही असायचा. त्यामुळे थर्मनवर रागवायचं म्हटलं तरी तिला जड जाई. तरीही त्या आठवड्यात तिने त्याला बोलावलंच.

"थर्मन, आपल्या तक्रारींच्या फोनवरच्या मुली दिवसभर एकच वाक्य म्हणतात, माहितीये? 'आधी बटण बंद करा, मग घाबरा.' लोकांना तुमची पुस्तिका कळत नाही हो."

"अगं, लोकांनाच वाचता येत नाही! मी काय करू?"

"तंत्रलेखकांच्या मंडळाची परिषद आहे ओमाहाला. जाऊन या. आणि आल्यावर मला एवढंच सांगा, की पुस्तिका माणसाने का लिहायची. नाहीतर पुढच्या यंत्रापासून मी नुसती चित्रं छापणार आहे."

"नुसती... चित्रं?"

"बाण आणि चित्रं. ते काम संगणकही करतो म्हणे."

थर्मनचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. पण माणूस खमका! घरी येईस्तोवर त्याने बेत पक्का केला होता. सकाळी परिषदेत तोंड दाखवायचं, सही करायची, फुकटची कापडी पिशवी आणि पेनं उचलायची, कार्यक्रमपत्रिका खिशात घालायची आणि मागच्या दाराने निसटून सरळ हॉटेलजवळच्या तळ्यावर जाऊन मासे धरत बसायचं. अहवाल काय, कार्यक्रमपत्रिकेवरून लिहिता येतो. न पाहिलेल्या गोष्टींवर लिहिण्यात त्याचा हातखंडा होता.

कारण खरी मेख अशी होती, की थर्मनने आयुष्यात लाह्यांच्या यंत्राचं बटण एकदाही दाबलेलं नव्हतं! अभियंते आराखडे पाठवत, तो ते समोर ठेवी आणि लिही. कारखान्यातल्या आवाजाने त्याचं डोकं दुखे आणि लाह्या दातांत अडकत. शिवाय, "स्वयंपाकाच्या पुस्तकाचा लेखक काय रोज स्वयंपाक करतो?" हा त्याचा सिद्धान्त होता. करतो, असं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ठरल्या दिवशी तो ओमाहाच्या हॉटेलात पोचला. मासे धरायचा गळ, काठीसकट, गाडीत न ठेवता त्याने कोटाच्या आतून, पाठीला लावून आणला होता. मागच्या दाराने निसटायचं तर गाडीपर्यंत पुन्हा कोण जाणार! त्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं. छाती काढून, मान ताठ करून तो सैन्यातल्या जनरलसारखा नोंदणीच्या टेबलापाशी आला.

टेबलामागे मंडळाच्या अध्यक्षीणबाई मॅव्हिस टटल बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, गळ्यात शिट्टी. माणसं वेळेवर सभागृहात शिरत नाहीत म्हणून ती शिट्टी.

"नाव?"

"व्हॉस."

"यादीत नाही. मंडळाचे सदस्य आहात?"

"होतो. मग वर्गणी भरली नाही."

"का बरं?"

"उपयोग काय, असं वाटलं."

मॅव्हिसबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. नुसता 'पाहुणा' असं छापलेला बिल्ला त्यांनी त्याच्या कोटावर अडकवला. थर्मन खूश! बिल्ल्यावर नाव नाही म्हणजे नंतर कोण आला होता आणि कोण पळाला, याचा पत्ताच नाही.

पिशवी घेतली, पेनं घेतली. पेनं दोनदा घेतली. आणि तो तसाच ताठ चालीने मागच्या दाराकडे निघाला. दाराच्या कडीला हात घालतो न घालतो तोच...

फुर्रर्रर्र!

"ओ पाहुणे! तिकडे कुठे? तिकडे कचऱ्याचे डबे आहेत! सभागृह इकडे!"

"मी जरा हवा खायला..."

"हवा मध्यंतरात खा. पाठ दुखतेय का तुमची? असे काय उभे आहात? या, पुढच्या रांगेत आरामाची खुर्ची आहे."

आणि मॅव्हिसबाईंनी त्याचं मनगट धरून त्याला तीनशे माणसांच्या मधून चालवत नेऊन अगदी पहिल्या रांगेत बसवलं. गळामुळे त्याला नीट बसताही येईना. तो खुर्चीच्या काठावर फळी ठेवावी तसा तिरपा टेकला. शेजारी एक गोल चेहऱ्याचा, हसरा गृहस्थ होता.

"मी रोलंड पीच. दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांच्या पुस्तिका लिहितो. तुम्ही?"

"मी... असंच. यंत्रं."

"वा! अभियंते तुम्हाला माहिती कधी देतात हो?"

"पुस्तिका छापायला जायच्या आदल्या दिवशी," थर्मनच्या तोंडून पटकन निघून गेलं.

"सुखी आहात! मला छापून आल्यावर देतात!"

थर्मनला हसू आलं. या विषयावर दुसऱ्या माणसाबरोबर हसायची त्याची ही पहिलीच वेळ. पण लगेच त्याला तळं आठवलं आणि त्याने तोंड आवळून घेतलं.

इतक्यात पडदा सरकला. मंचावर मधोमध, दिव्यांच्या झोतात, नव्या नवरीसारखं नटून उभं होतं... प्रेअरी गोल्डचं लाह्यांचं यंत्र!

थर्मनने कापडी पिशवी तोंडापुढे धरली.

"मंडळी," मॅव्हिसबाई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या, "हे यंत्र या हॉटेलचंच आहे. आणून वर्ष झालं, पण अजून कुणी चालवू शकलेलं नाही. हॉटेलचा आचारी याच्या जवळून जाताना देवाचं नाव घेतो. यंत्र उत्तम आहे. दोष या पुस्तिकेचा आहे. आपल्या धंद्यात काय करू नये, हे शिकायला इतकं छान उदाहरण मला चाळीस वर्षांत मिळालं नव्हतं!"

मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर थर्मनचं पान झळकलं. मॅव्हिसबाई वाचू लागल्या.

"'पायरी सहा. हंडी पुरेशी तापली की पुरेसा मका ओतावा.'"

सभागृहात खसखस पिकली.

"'पायरी सात. मका ओतण्याआधी झाकणाची कडी लावली असल्याची खात्री करून घ्यावी.'"

आता मात्र तीनशे माणसं खदखदून हसली! एक बाई तर हसता हसता खुर्चीवरून घसरली. रोलंड पीचने डोळे पुसत थर्मनच्या मांडीवर थाप मारली. "मका ओतून झाला, मग सांगतोय ओतण्याआधी काय करायचं ते! हा लेखक घरी आधी अंघोळ करत असेल आणि मग कपडे काढत असेल!"

बिल्ल्यावर नाव नव्हतं. कुणालाही काही कळायचं कारण नव्हतं. थर्मनने नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसला तर तो थर्मन कसला!

"यात हसण्यासारखं काय आहे?" तो ताडकन उभा राहिला. गळामुळे तो फारच ताडकन उभा राहिला. "अगदी स्पष्ट लिहिलंय! लहान पोरालाही कळेल!"

मॅव्हिसबाईंचे डोळे लकाकले.

"वा पाहुणे! मग वर या आणि चालवून दाखवा. नियम एकच. पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करायचं, त्याच क्रमाने. आपलं डोकं वापरायचं नाही. डोकं वापरलं की पुस्तिकेची परीक्षा होत नाही."

"डोकं वापरायची गरजच पडणार नाही!" असं म्हणून थर्मन मंचावर चढला. या वाक्याला टाळ्या का पडल्या, हे त्याला नंतर कळलं.

पहिल्या चार पायऱ्या छान पार पडल्या. त्या वायर लावण्याबद्दल होत्या. थर्मनने विजयी मुद्रेने सभागृहाकडे पाहिलं. पाचवी पायरी म्हणत होती, 'तेल घालावे.'

"कुठे घालावे?" मागून कुणीतरी ओरडलं.

थर्मनने यंत्राकडे पाहिलं. त्याला तीन भोकं दिसली. आराखड्यात ती इतकी सारखी दिसत नव्हती! त्याने मधल्यात तेल घातलं. थोडं उरलं, ते हंडीतही घातलं. मधलं भोक कशाचं होतं हे आम्हाला आजही माहीत नाही, पण तेलाचं नव्हतं.

"पायरी सहा! पुरेसा मका!"

"पुरेसा म्हणजे किती?"

"पुरेसा म्हणजे पुरेसा!" थर्मन कडाडला आणि बाजूला ठेवलेली मक्याची पिशवी त्याने अख्खी उपडी केली.

क्षणभर शांतता. मग 'टप्'. मग 'टप् टप्'. पहिल्या रांगेतल्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. थर्मनने झुकून अभिवादन करायचा प्रयत्न केला. ते जमेना, म्हणून नुसती मान हलवली आणि सातवी पायरी वाचायला पुस्तिका जवळ धरली. 'मका ओतण्याआधी झाकणाची...'

धडाड!

झाकण उडून थेट झुंबरात जाऊन अडकलं. आणि पाठोपाठ लाह्या! नळ फुटावा तशा लाह्या! तापल्या तेलाच्या लाह्या सुसाट उडत होत्या. पहिली रांग खुर्च्यांखाली गेली. मॅव्हिसबाई शिट्टी वाजवत होत्या, पण लाह्या शिट्टीला थोड्याच ऐकतात!

"बंद करा! बंद करा ते!"

"करतो! करतो!" थर्मनने भराभर पानं उलटली. 'आणीबाणीच्या प्रसंगी यंत्र बंद करण्यासाठी यंत्राच्या मागील बाजूस चिकटवलेल्या सूचना पाहाव्यात.' यंत्राची मागची बाजू भिंतीला टेकलेली. तो पोटावर झोपून फटीतून बघू लागला, तेव्हा कोटातला गळ सटकला आणि त्याच्या टोकाचा आकडा मंचाच्या पडद्यात अडकला. सुटण्यासाठी थर्मनने पुढे हिसका दिला, तसा पडदा वरच्या दांडीसकट खाली आला. मधल्या भोकातलं तेल आता जळायला लागलं होतं. काळा धूर छताला भिडला, भोंगा वाजायला लागला आणि छतातले पाण्याचे फवारे सुरू झाले.

शेवटी रोलंड पीचने रांगत जाऊन भिंतीतली वायर उपटली. पुस्तिकेत हा उपाय कुठेच नव्हता.

"बाहेर पडा! सगळे बाहेर पडा!" हॉटेलचे व्यवस्थापक क्लिफर्ड प्रूइट ओरडत धावत आले. तोवर भिजलेल्या लाह्यांचा लगदा घोट्यापर्यंत साचला होता. शेजारच्या सभागृहात अकॉर्डियन वाजवणाऱ्या निवृत्त मंडळींचा मेळावा होता. ती म्हातारी माणसं अकॉर्डियनसकट शिस्तीत बाहेर पडली. तंत्रलेखक मात्र बाहेर पडेनात! ते सगळे सभागृहाबाहेरच्या बोळात गर्दी करून उभे. प्रूइटसाहेब गर्दीतून वाट काढत पुढे गेले, तर भिंतीवर 'आग लागल्यास' अशी हॉटेलची पाटी होती आणि तिच्यासमोर वाद पेटला होता.

"यात 'पायऱ्यांनी जा' हे शेवटी लिहिलंय! ते आधी हवं!"

"आणि 'तुम्ही इथे आहात' हा बाण बघा. या बाणाप्रमाणे आपण स्विमिंग पुलात आहोत!"

"'शक्यतो' शब्द काढा आधी. 'शक्यतो घाबरू नका' म्हणजे काय?"

"अहो, आधी बाहेर तर चला!" प्रूइटसाहेब रडकुंडीला आले.

"एकच मिनिट, फक्त क्रियापदं नीट करून घेतो!"

अखेर बाणासकट सगळी पाटी दुरुस्त झाल्यावरच मंडळी वाहनतळावर आली. ऑक्टोबरचा बोचरा वारा, भिजलेले कपडे, आणि केसांत लाह्या. अकॉर्डियनवाल्यांनी ऊब यावी म्हणून पोल्का नाचाची एक धून सुरू केली होती. थर्मन एका खांबाआड उभा होता. आता गळही नव्हता, तरी त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं.

प्रूइटसाहेब हातात भिजलेली पुस्तिका घेऊन मध्ये आले. ते रागाने इतके लाल झाले होते, की त्यांच्या डोक्यावरची लाही आता फुटून पुन्हा फुलेल असं वाटत होतं.

"प्रेअरी गोल्ड, एल्क क्रॉसिंग. इथे फोन नंबर आहे. मी आत्ताच्या आत्ता यांच्या मालकाला फोन लावतो. ज्याने हे लिहिलंय त्याची नोकरी आज गेली पाहिजे! कोण आहे तो? नाव का नाही लिहिलेलं यावर?"

"आमची नावं कधीच नसतात हो पुस्तकावर," रोलंड हळूच म्हणाला.

थर्मनने वाहनतळाच्या फाटकाकडे पाहिलं. गाडी तिथून वीस पावलांवर होती. तळंही फार लांब नव्हतं. ब्रेनाला काहीही सांगता आलं असतं. पण 'आमची नावं' हे रोलंडचे शब्द कुठेतरी जाऊन रुतले. वीस वर्षांत त्याला कुणी 'आमचा' म्हटलं नव्हतं. कारखान्यातले अभियंते त्याला इंग्रजीचा मास्तर समजत, मास्तर लोक त्याला मेकॅनिक समजत, आणि सासूचं तर सांगितलंच.

तो खांबाआडून पुढे आला.

"मीच तो," थर्मन म्हणाला. "पुस्तिका माझी आहे. सगळ्याच माझ्या आहेत. आणि... आणि आजच्या आधी मी ते यंत्र कधी चालवून बघितलं नव्हतं."

पोल्का थांबला. तीनशे डोकी त्याच्याकडे वळली. थर्मनने डोळे मिटून घेतले. आता हसतील, त्याला वाटलं.

"माझं गॅरेजचं दार होतं," मॅव्हिसबाईंचा आवाज आला.

थर्मनने एक डोळा उघडला.

"पहिल्या वर्षीची गोष्ट. मी लिहिलं, 'दाराखाली उभे राहून बटण दाबावे.' मला म्हणायचं होतं दाराच्या बाजूला. एका गृहस्थाची टोपी गेली. टोपीच गेली हे नशीब!"

"माझ्या खुर्चीत एक पेशंट दातांच्या डॉक्टरसमोर उलटा टांगला होता," रोलंड पुढे सरसावला. "'मागे' आणि 'वर' यांची मी अदलाबदल केली होती. डॉक्टर म्हणाले, दाढ मात्र छान दिसली!"

"मी शिलाई यंत्राच्या पुस्तिकेत 'सुई' लिहायचं विसरले! अख्ख्या पुस्तिकेत सुई नाही!"

"आमचा पाळणा तीन पायांवर उभा राहायचा!"

मग काय विचारता! जो तो आपापला अपराध सांगायला पुढे. धक्काबुक्की व्हायची वेळ आली. प्रूइटसाहेब फोन हातात धरून तसेच उभे. थर्मन आधी गोंधळला, मग हसला, मग त्याचे डोळे भरून आले, मग त्याने ते वाऱ्यावर ढकललं.

"प्रूइटसाहेब," मॅव्हिसबाई म्हणाल्या, "फोन अवश्य करा. पण थोडं थांबा. इथे तीनशे तंत्रलेखक उभे आहेत, आणि दुपारचं जेवण तर भिजलंय. आम्हाला काहीतरी काम द्या."

हॉटेलच्या जेवणाच्या यादीच्या कोऱ्या पाठीवर, एका गाडीच्या बॉनेटवर काम सुरू झालं. थर्मनला वाटलं, सात पायऱ्या, सात मिनिटांत होतील. कसलं काय! 'ओता' की 'घाला' यावरच दोन तट पडले. 'एक कप मका' म्हटल्यावर, कॉफीचा कप की मोजायचा कप, यावर एका गृहस्थाने दुसऱ्याशी कायमचं बोलणं सोडलं. थर्मन प्रत्येक वाक्याला आधी भांडे, मग गप्प होई, मग म्हणे, "हं. हे बरंय." झाकणाची कडी सगळ्यात वर गेली, ठळक अक्षरांत. यंत्र कसं बंद करायचं ते त्याच्याही वर. आणि तीन भोकांचं चित्र काढून रोलंडने दोन भोकांवर फुली मारली.

"आता करून बघायला कुणीतरी हवं," मॅव्हिसबाई म्हणाल्या. "आपल्यातला कुणी नको. चिडलेला, घाईत असलेला आणि यंत्राचा द्वेष करणारा माणूस हवा."

सगळ्यांनी एकदम प्रूइटसाहेबांकडे पाहिलं.

हॉटेलच्या ओसरीवर यंत्र पुसून, वाळवून मांडण्यात आलं. प्रूइटसाहेबांनी यादी हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घालून एकेक ओळ वाचत गेले. कडी लावली. मोजून मका घातला. 'टप्'. 'टप् टप् टप्'. आणि मग यंत्राच्या काचेआड पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या लाह्यांचा ढीग शहाण्या बाळासारखा जमत गेला!

प्रूइटसाहेबांनी एक लाही तोंडात टाकली. आठ्या एकेक करून उतरल्या. "अरेच्चा! मला येतंय की!" म्हणून त्यांनी दुसरा घाणा लावला. मग तिसरा. अकॉर्डियनवाल्यांना वाटल्या, अग्निशामक दलाला वाटल्या. मग हात पुसून त्यांनी एल्क क्रॉसिंगला फोन लावलाच. थर्मन ऐकत होता.

"बाई, तुमच्या माणसाने माझं सभागृह बुडवलं! माझा पडदा फाडला! झाकण अजून झुंबरात आहे! आणि हो, असलंच आणखी एक यंत्र पाठवून द्या. पण सोबत ही इथे लिहिलेली पुस्तिका द्या, ती जुनी नको."

सोमवारी थर्मन ब्रेनाच्या खोलीत गेला तेव्हा पाठ कोटात गळ घातल्याइतकीच ताठ होती, पण आता ती भीतीने होती.

"सभागृह बुडवून यंत्र विकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," ब्रेना म्हणाली. "विक्री विभागात येता का?"

"नको गं बाई. मी आपला लिहीन. पण आधी मला खाली कारखान्यात एक यंत्र दे, रोज चालवायला. आणि प्रत्येक पुस्तिका छापायच्या आधी यंत्राचा द्वेष करणारं एक माणूस दे."

"मिळेल. आपल्याकडे तशी पुष्कळ आहेत. आणि पुस्तिका माणसाने का लिहायची, ते नाही सांगितलंत."

"चित्राला लाज वाटत नाही," तो म्हणाला. "मला वाटली. म्हणून पुस्तिका सुधारली."

ब्रेनाने मंडळाची वर्गणी मागच्या बुडवलेल्या वर्षांसकट भरली. तक्रारीच्या फोनवरच्या मुली हळूहळू कंटाळायला लागल्या, त्यांनी लोकरीचं विणकाम सुरू केलं. थर्मन दर महिन्याला ओमाहाला मंडळाच्या बैठकीला जाऊ लागला. रोलंडच्या खुर्च्यांच्या पुस्तिका तो तपासायचा आणि त्याच्या लाह्यांच्या पुस्तिका रोलंड. दोघं फोनवर 'ओता' आणि 'घाला' यांवरून इतकं भांडत, की डोरीन म्हणे, "लग्न झाल्यापासून तू माझ्याशी एवढं बोलला नाहीस."

आणि मग मंडळाचं पत्र आलं. पुढच्या परिषदेचं मुख्य भाषण श्री. थर्मन व्हॉस यांनी करावं! त्याने ते पत्र दाखवलं नाही असं एल्क क्रॉसिंगमध्ये घर उरलं नाही. नवा कोट शिवला. भाषण आधी डोरीनला वाचून दाखवलं, मग यंत्राचा द्वेष करणाऱ्या माणसाला.

परिषदेच्या दिवशी तो थाटात हॉटेलच्या दारात पोचला, तर प्रूइटसाहेब स्वतः आडवे उभे.

"व्हॉससाहेब, मनापासून स्वागत! माझा तुमच्यावर काडीचाही राग नाही. पण विमा कंपनीची अट आहे. परिषद इथे होऊ शकते, फक्त तुम्ही इमारतीच्या आत यायचं नाही."

म्हणून त्या वर्षीचं मुख्य भाषण थर्मनने वाहनतळावर, आपल्या गाडीत बसून, फोनवरून केलं. आत मॅव्हिसबाईंनी आपला फोन ध्वनिक्षेपकापुढे धरला होता. भाषण अप्रतिम झालं. शेवटचं वाक्य संपलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बंद खिडक्यांतून, वाहनतळ ओलांडून तो थेट गाडीपर्यंत ऐकू आला. थर्मनने गहिवरून, बसल्या जागी, स्टिअरिंगला हलकेच वाकून अभिवादन केलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पहारेकरी होता.

"काका, फोन झाला असेल तर गाडी जरा मागे घ्या. इथे दुधाची गाडी लागते."